ईश्वरदासांच्या बसमधला ग्लुकोमीटर

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. रक्तात साखर किती आहे ते मोजून सांगणं एवढंच माझं काम. नागपूरच्या नंदनवन भागात ज्या घरात मी राहतो, तिथे मला सगळे शुगरची मशीन म्हणतात. माझ्या काचेवर एक ओरखडा आहे आणि माझं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. बाकी मी ठीक आहे.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे माझ्यासारखे हजारो होते. माझ्या तोंडाशी एक बारीक फट आहे. त्या फटीत एक पातळ पट्टी घालायची, बोटाला सुई टोचायची आणि निघालेला रक्ताचा थेंब पट्टीच्या टोकाला लावायचा. काही क्षणांत मी आकडा दाखवतो. गोड, तिखट, आंबट मला कळत नाही. आकडा चांगला की वाईट तेही मला कळत नाही. ते मी वाचणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून शिकलो.

काही महिने मी एका औषधाच्या दुकानात खोक्यात पडून होतो. मग अंजू नावाच्या मुलीनं मला विकत घेतलं. ती सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानात काम करत होती. तिचे वडील ईश्वरदास बस चालवायचे. त्यांच्या वडिलांच्या घरी हातमाग होता, पण ईश्वरदास मागावर बसले नाहीत. तरुणपणीच त्यांनी स्टिअरिंग धरलं. कोराडीच्या वीजकेंद्रात कामाला जाणाऱ्या लोकांना ते रोज सकाळी नेत आणि शिफ्ट सुटली की परत आणत. ही बस एका ठेकेदाराची होती. ईश्वरदासांना डायबेटिस असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रोज सकाळी ते एक गोळी घेत, आणि आपण काळजी घेतो असं त्यांना मनापासून वाटत असे.

मी घरात आलो तो रविवार होता. ईश्वरदासांनी नुकतेच कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले होते. वरून झणझणीत तर्री आणि थोडे चणे, खाली पोह्यांचा ढीग. अंजूनं त्यांचा हात हातात घेतला.

"बाबा, बोट द्या."

"मले काही झालं नाही," ईश्वरदास म्हणाले. "साखर तं मी कवाचीच सोडली. चहातही गूळच घेऊन राहिलो."

तरी त्यांनी बोट दिलं. मी दोनशे एक्याण्णव दाखवले. अंजूचा चेहरा उतरला.

"खराब आहे ही मशीन," ईश्वरदास म्हणाले. "साखर खाल्लीच नाही तं ती येईन कुठून?"

त्यांची पत्नी पुष्पलता दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "पोह्यातून येत असंन का वं, अंजू?"

"पोह्यात कुठली साखर, आई?" अंजू म्हणाली.

त्या घरात याचं उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. पुष्पलतेचा प्रश्न बरोबर होता, पण तिलाही ते ठाऊक नव्हतं. पुढे दोनतीनदा त्यांनी मला वापरलं. एकदा भातानंतर, एकदा 'बिनसाखरेची' लिहिलेली बिस्किटं खाल्ल्यावर. आकडा कधीच कमी आला नाही. मग ईश्वरदास माझ्यावर रागावले आणि मी फ्रिजवर गेलो. माझ्यावर आधी रुमाल आला, मग विजेची बिलं, मग बेगडी फुलांची एक टोपली. घरातलं जेवण पूर्वीसारखंच चालू राहिलं. ईश्वरदास ताटभर भात खात आणि शेवटी अभिमानानं सांगत, की गोड मी बोटाला लावून घेत नाही.

त्या हिवाळ्यात ठेकेदारानं नवा नियम काढला. सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे आणि रक्त तपासायचं ठरलं. चंपतराव नावाचे सुपरवायझर बसगाड्यांची व्यवस्था पाहत. त्यांनी ईश्वरदासांना वाटेत थांबवून सांगितलं, "उद्या सकाळची ट्रिप झाली की तुमचा नंबर आहे. शुगर जास्त निघाली तं गाडी काढून घेतील. माह्या हातात काही नाही गा."

ईश्वरदास घरी आले तेव्हा पुष्पलतेनं बाजारातून संत्री आणली होती. अंजूला संत्र्याच्या फोडीवरची पांढरी शीर आवडत नसे. लहानपणापासून ईश्वरदासच तिला संत्री सोलून देत. त्या संध्याकाळीही त्यांनी तिच्यासाठी संत्री सोलली. स्वतः एकही फोड खाल्ली नाही. मग काहीतरी आठवल्यासारखे ते उठले, फ्रिजवरची टोपली बाजूला केली आणि मला खाली काढलं. हात धुतला नाही. बोट पँटला पुसलं आणि सुई टोचली.

मी चारशे बारा दाखवले.

मित्रांनो, मी जे दाखवलं ते पट्टीवर जे आलं त्याचंच मोजमाप होतं. त्या थेंबात रक्त होतं आणि बोटावर वाळलेला संत्र्याचा रसही होता. पण हे त्यांना कोण सांगणार? ईश्वरदासांनी तो आकडा कोणाला दाखवला नाही. मला बंद करून त्यांनी आपल्या ड्युटीच्या पिशवीत टाकलं.

"जेवायले या," पुष्पलता म्हणाली.

"भूक नाही मले. बाहेर खाऊन आलो."

त्यांनी काही खाल्लं नव्हतं. त्यांनी आणखी एक गोळी घेतली आणि ते झोपले. सकाळी उठून पुन्हा गोळी घेतली आणि बिनसाखरेचा कोरा चहा पिऊन घराबाहेर पडले. पुष्पलतेनं डबा हातात दिला, तो त्यांनी पिशवीत माझ्याशेजारी ठेवला आणि उघडला नाही. पोट रिकामं ठेवलं तर तपासणीत आकडा कमी येईल असा त्यांचा हिशेब होता.

बस भरली. ईश्वरदासांच्या मागच्या सीटवर नेहमीप्रमाणे यमुताई बसल्या. त्या कोराडीच्या वसाहतीत एका कँटीनमध्ये स्वयंपाक करत. मानकापूर ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे रस्त्यावर कोळशाचे ट्रक आणि राखेचे टँकर लागले. बस कधी हळू होत होती, कधी उगाच वेग घेत होती. गिअर कर्रकन वाजला.

यमुताई पुढे वाकल्या. "ईश्वरभाऊ, एवढ्या थंडीत घाम काहून सुटून राहिला तुमाले?"

ईश्वरदास म्हणाले, "उमरेडले उतरायचं आहे का?"

उमरेड शहराच्या दुसऱ्याच बाजूला आहे. यमुताई उठून त्यांच्या सीटशी आल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, गाडी डाव्या बाजूले घ्या. हळूच घ्या. थांबवा."

ईश्वरदासांना त्या शब्दांचा अर्थ किती कळला, मला सांगता येणार नाही. पण इतक्या वर्षांची सवय त्यांच्या हातापायांत होती. बस रस्त्याच्या कडेला गेली. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. शेजारून एक टँकर हॉर्न वाजवत निघून गेला.

बसमध्ये गोंधळ झाला. वीजकेंद्रात तंत्रज्ञ असलेला प्रीतम नावाचा तरुण मागून पुढे आला. त्याच्या आईला डायबेटिस होता, त्यामुळे त्याला या गोष्टीची थोडी माहिती होती. त्यानं पिशवी चाचपली आणि मला बाहेर काढलं. ईश्वरदासांचं बोट पुसून त्यानं थेंब घेतला. मी सेहेचाळीस दाखवले.

"शुगर उतरली आहे," प्रीतम म्हणाला. "गोड काही आहे का कोणाजवळ? पटकन."

लोकांच्या डब्यांत पोळीभाजी होती. यमुताईंनी आपला थर्मास उघडला. "माहा चहा लय गोड राहते," त्या म्हणाल्या.

"बाबूजी, गिळता येते का? मान हलवा," प्रीतमनं विचारलं. ईश्वरदासांनी मान हलवली. मगच त्यानं कप त्यांच्या ओठांना लावला. ज्या साखरेला ते वैरी मानत होते, ती त्यांनी घोट घोट करून पोटात घेतली. थोड्या वेळानं प्रीतमनं पुन्हा थेंब घेतला. मी बहात्तर दाखवले. ईश्वरदासांनी डोळे उघडून विचारलं, "गाडी काहून थांबली?"

 मग मधल्या सीटवरचा एक माणूस म्हणाला, "तुमच्यापायी आमचा जीव गेला असता. घरी लेकरं आहेत आमची."

यमुताईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्याला गप्प केलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. ईश्वरदासांनी मान खाली घातली. प्रीतमनं पिशवीतला डबा उघडला आणि त्यांना पोळी खायला लावली.

दुसरा ड्रायव्हर घेऊन चंपतराव आले तेव्हा ईश्वरदास रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसले होते. चंपतरावांनी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "कालपासून जेवलो नाही. गोळ्या मात्र घेतल्या. तपासणीत शुगर जास्त येऊ नये म्हणून केलं." त्यांनी खिशातून बसची चावी काढली आणि स्वतःच चंपतरावांच्या हातात दिली.

त्याच दिवशी अंजू आणि पुष्पलता त्यांना डॉक्टर हर्षा यांच्याकडे घेऊन गेल्या. मीही पिशवीत होतो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आदल्या संध्याकाळचा आकडा कळल्यावर त्या थांबल्या.

"मोजण्याआधी काय करत होतात?"

"पोरीले संत्री सोलून देऊन राहिलो होतो."

"हात धुतले होते?"

ईश्वरदासांनी नकारार्थी मान हलवली. बोटाला रस लागलेला असेल तर आकडा खोटाच वाढतो, असं डॉक्टर म्हणाल्या. घरी आल्यावर अंजूनं एक संत्रं सोललं आणि तसंच आपलं बोट टोचलं. तिला डायबेटिस नव्हता. तरीही मी तीनशेच्या पुढचा आकडा दाखवला. मग तिनं साबणानं हात धुतले, नीट कोरडे केले आणि दुसऱ्या बोटाचा थेंब घेतला. मी ब्याण्णव दाखवले.  त्या संध्याकाळी शुगर खरी किती होती हे आता कोणालाच कळणार नव्हतं. हात न धुता मोजलेल्या आकड्याला घाबरून ते उपाशी राहिले होते, जास्तीची गोळी घेतली होती आणि माणसांनी भरलेली बस चालवली होती.

पण म्हणून त्यांची शुगर चांगली होती असं नाही. रक्ताची जी मोठी तपासणी झाली, तिच्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते. एक दिवस उपाशी राहून ती बदलत नाही. ती सरासरी बरीच जास्त निघाली. डॉक्टर हर्षा त्यांना म्हणाल्या, "तुम्ही साखर सोडलीत, ते बरं केलंत. पण भात, पोहे, पोळी, भाकर, बटाटा, साबुदाणा या सगळ्याची पोटात गेल्यावर साखरच होते. काहींची झटकन, काहींची सावकाश. गूळ आणि साखर यांत रक्ताला काही फरक कळत नाही. मात्र खाणं बंद करायचं नाही, आणि गोळी घेऊन उपाशी राहायचं तर मुळीच नाही. काय खाता, किती खाता आणि कशाबरोबर खाता, ते बघा."

"मंग खाऊ तं काय खाऊ?" ईश्वरदासांनी विचारलं.

"ते तुमची मशीनच सांगेल. जेवणाआधी मोजा आणि जेवल्यावर दोन तासांनी मोजा." डॉक्टरांनी गोळीही बदलून दिली.

अशा रीतीनं माझे खरे कामाचे दिवस सुरू झाले. ईश्वरदासांना गाडी मिळणार नव्हती. चंपतरावांनी त्यांना गाड्यांची हवा आणि पाणी तपासायच्या कामावर ठेवलं. सकाळी कोराडीची बस दुसरा माणूस घेऊन जायचा. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत ईश्वरदास हातातलं काम थांबवून उभे राहत.

घरी पुष्पलता प्रत्येक जेवणानंतर मला समोर ठेवू लागली. मोठी वाटी साबुदाण्याची खिचडी खाल्ली त्या चतुर्थीला मी तर्री पोह्यांनंतर दाखवला होता त्याहूनही मोठा आकडा दाखवला. पुष्पलतेला ते पटेना. "उपासाचं खाणं आहे हे," ती म्हणाली. संत्र्याचा पेलाभर रस प्यायल्यावर आकडा भराभर चढला. तेच एक संत्रं चावून, चोथ्यासकट खाल्लं तर तो तेवढा चढला नाही. मूठभर फुटाण्यांनी फारसा हललाच नाही. सावजीच्या झणझणीत, तेलकट मटणाबद्दल ईश्वरदासांना मोठी भीती होती, पण ते खाल्लं त्या दिवशी आकडा वाढला तो मटणाबरोबरच्या भातानं. त्यावर ते खूश झाले, तेव्हा इतकं तेल हृदयाला बरं नाही असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, याची अंजूनं त्यांना आठवण करून दिली.

ज्वारीच्या भाकरीवरून मात्र घरात भांडण झालं. भाकर कितीही खाल्ली तरी चालते, असं पुष्पलतेचं ठाम मत होतं. तिनं ईश्वरदासांना आग्रह करून चार भाकरी वाढल्या. दोन तासांनी मी दोनशे चाळीस दाखवले.

"हे खोटं आहे," पुष्पलता म्हणाली. "माह्या माहेरी सगळे भाकर खाऊनच जगले."

"ते दिवसभर राबत होते, आई," अंजू म्हणाली. "बाबा बसून राहतात."

पुष्पलतेनं उरलेल्या भाकरी झाकून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तिनं एकच भाकर वाढली. बरोबर वाटीभर डाळ, अंबाडीची भाजी आणि काकडी. भाजी आणि डाळ आधी खायला लावली. जेवण झाल्यावर ती ईश्वरदासांना घेऊन गल्लीतून चालून आली. त्या दुपारी मी एकशे अठ्ठेचाळीस दाखवले. तिनं तो आकडा स्वतः वाचला, अंजूला बोलावून पुन्हा वाचायला लावला आणि मग मला पदरानं पुसलं.

पुढे एकदा तिनं गोळाभात केला. हा ईश्वरदासांचा जीव की प्राण असलेला पदार्थ. नेहमी त्यात भात पुष्कळ आणि बेसनाचे गोळे चार असत. या वेळी तिनं ताटात गोळे जास्त वाढले आणि भात वाटीभरच. ईश्वरदास ताटाकडे पाहून म्हणाले, "भाताची चोरी झाली का वं?" पण ते जेवले. दोन तास झाले तेव्हा पुष्पलता दाराआड उभी होती. आकडा चांगला आला. ईश्वरदास म्हणाले, "ये इकडे. पास झाला तुहा स्वयंपाक." ती हसली. त्या घरात माझ्या आकड्यामुळे कोणी हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हे सगळं सरळ पार पडलं असं नाही. एका लग्नात त्यांनी जिलेबी खाल्ली आणि दोन दिवस माझ्याकडे आले नाहीत. सर्दीतापाच्या दिवसांत काही वेगळं न खाताही आकडा वर राहिला. शेजारच्या जयवंताबाईंनाही डायबेटिस होता, पण त्यांना जे खाऊन चालत असे, ते ईश्वरदासांना चालत नसे. पण हळूहळू त्यांनी मला लपवणं सोडलं. उन्हाळा संपायच्या सुमारास मोठी तपासणी पुन्हा झाली, तेव्हा सरासरी बरीच खाली आली होती. डॉक्टर हर्षा यांनी काही अटी सांगितल्या आणि बस चालवायला परवानगी दिली. पहिली अट अशी, की स्टिअरिंगवर बसण्याआधी मोजायचं आणि आकडा नव्वदच्या खाली असेल तर गाडी काढायची नाही.

चंपतरावांनी चावी त्यांच्या हातात ठेवली. "लोक बसतील का नाही, मले सांगता येत नाही गा," ते म्हणाले.

लोक बसले. यमुताई आपल्या जागेवर बसल्या, प्रीतम मागे बसला. रस्त्यावर ज्यानं जीव गेला असता असं म्हटलं होतं, तो माणूसही चढला आणि मधल्या सीटवर बसला. ईश्वरदास त्या दिवशी घाईघाईनं पायी चालत आले होते. त्यांनी ओल्या रुमालानं बोट स्वच्छ पुसलं, कोरडं केलं आणि सगळ्यांसमोर सुई टोचली. मी चौऱ्याहत्तर दाखवले.

त्यांनी आकडा पुन्हा वाचला. बस सुटायची वेळ झाली होती. चंपतराव खालून हातानं 'चला' अशी खूण करत होते. पहिलाच दिवस होता. त्या आकड्याबद्दल कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी मला पिशवीत टाकलं असतं तरी कोणाला कळलं नसतं.

ईश्वरदास उठून प्रवाशांकडे वळले. "शुगर कमी दाखवून राहिली," ते म्हणाले. "मी काही खाऊन घेतो आणि परत मोजतो. तोपर्यंत गाडी निघणार नाही. आज उशीर होईन तुमाले."

 त्यांनी ग्लुकोजची पूड घातलेलं पाणी प्यायलं, मग डब्यातली पोळी खायला सुरुवात केली. मधल्या सीटवरच्या माणसानं घड्याळ पाहिलं. मग तो म्हणाला, "सावकाश खा, भाऊ. आम्ही आहोत बसून." त्यानं खिडकीची काच सरकवली आणि डोकं मागे टेकलं. चंपतराव वर चढले, काय झालं ते त्यांनी ऐकलं, आणि तेही दाराशी एका सीटवर बसले. मी एकशे सोळा दाखवले तेव्हा ईश्वरदासांनी मला पिशवीत ठेवलं आणि बस सुरू केली.

मित्रांनो, मी आता म्हातारा होत चाललो आहे. माझ्या पट्ट्यांची डबी घट्ट लावा, तिच्यावरची तारीख बघा, मोजण्याआधी हात धुवा. माझी एवढीच काळजी घ्या. पण तुमच्या घरी ज्यांना डायबेटिस आहे, त्यांची काळजी थोडी जास्त घ्या. त्यांना थंडीत घाम फुटला, हात थरथरले किंवा ते भलतंच काही बोलू लागले, तर लगेच मोठ्या माणसाला हाक मारा आणि त्यांना गिळता येत असेल तर काहीतरी गोड प्यायला द्या. आणि माझ्यावर मोठा आकडा दिसला म्हणून त्यांना दरडावू नका. दरडावलं की माणसं आकडा लपवतात. गोड खाल्लंत का, हा प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "जेवलात का?"